मलेरियाच्या लसीला एवढा उशीर का झाला?

पावसाळा अर्धा सरला की दवाखान्यात हुडहुडी भरणाऱ्या तापाचे रुग्ण दिसू लागतात. दुपारी दोन-दोन गोधड्या अंगावर घेऊनही दात वाजतात, संध्याकाळी घामाने अंथरूण भिजते आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस 'आता बरं आहे' म्हणून शेतावर निघतो. अशा रुग्णाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो. 'डॉक्टरसाहेब, मलेरियाची लस आपल्या पुण्यातच तयार होते म्हणतात. मग ती आम्हाला का मिळत नाही?'

प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये 'आर-२१' ही मलेरियाची लस तयार होते, हे खरे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ती विकसित केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. त्याआधी दोन वर्षे, ऑक्टोबर २०२१ मध्ये, 'आरटीएस,एस' या पहिल्या लसीची अशीच शिफारस झाली होती. या लसींची खोकी जातात ती आफ्रिकेत. २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाने सुमारे पाच लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यातही पाच वर्षांच्या आतली बालकेच अधिक. लस आधी कुणाला हवी, हे या आकड्यावरून कळते. परंतु प्रश्नाचे उत्तर एवढ्यावर संपत नाही. ही लस जंतूच्या कोणत्या भागापासून बनली आहे आणि तो भाग वेगळा कसा काढला, हे समजले म्हणजे ती कुणाला उपयोगी पडेल आणि कुणाला नाही, हेही समजते. आजच्या लेखात तेच पाहू.

बहुरूपी जंतू

देवीची लस जेन्नरने १७९६ साली दिली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस पाश्चरने १८८५ साली टोचली. मलेरियाचा जंतू लाव्हरॉं या फ्रेंच डॉक्टरला अल्जीरियात १८८० मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता. तो डासात वाढतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी मिळाला. चोर ओळखीचा, त्याची येण्याची वाटही ठाऊक. तरीही लस यायला २०२१ साल उजाडावे लागले. असे का?

नेहमीच्या लसींची रीत सोपी आहे. जंतू बाटलीत वाढवायचा, त्याला मारायचे किंवा अधू करायचे आणि तोच टोचायचा. शरीर त्या मेलेल्या जंतूवर सराव करते आणि खरा जंतू आला की त्याला ओळखते. ही ओळख पटते ती जंतूच्या अंगावरील ठराविक प्रथिनांवरून. अशा ओळख पटवणाऱ्या प्रथिनाला 'प्रतिजन' म्हणतात आणि त्याला चिकटून जंतूला निकामी करण्यासाठी रक्तात जी हत्यारे तयार होतात, त्यांना 'प्रतिपिंडे'. पोलिओच्या विषाणूत प्रथिने मोजून डझनभर. मलेरियाच्या जंतूत मात्र पाच हजारांहून अधिक जनुके आहेत, म्हणजे प्रथिनेही निदान तेवढी. त्यातली बरीचशी त्याच्या पोटातली. अंगावर जी दिसतात तीही सदासर्वकाळ तीच नसतात.

आपल्याकडे गावात बहुरूपी येतो. सकाळी पोलीस, दुपारी साधू, संध्याकाळी बाईच्या वेषात. मलेरियाचा जंतू असाच आहे. अॅनॉफिलीस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून जेमतेम काही डझन जंतू कातडीत शिरतात. हे सुईसारखे बारीक, लांबट. त्यांना 'स्पोरोझॉइट' म्हणतात. तास-दोन तासांत ते यकृत गाठतात आणि तिथल्या पेशीत दडून बसतात. तिथे आठवडाभर गाजावाजा न करता त्यांची वाढ होते, आणि एकेका जंतूपासून हजारो नवे जंतू तयार होऊन रक्तात उतरतात. हे गोल असतात आणि तांबड्या पेशीत घुसतात. पेशी फुटते, आतले जंतू बाहेर पडतात, नव्या पेशी शोधतात. ही फुटाफूट एकाच वेळी होते तेव्हा हुडहुडी भरते. काही जंतू नर-मादीचे रूप घेऊन पुढच्या डासाची वाट पाहत राहतात. प्रत्येक रूपात अंगावरचा वेष निराळा. लाळेतून आलेल्या रूपाला ओळखायला शिकलेले शरीर रक्तातल्या रूपाला ओळखत नाही.

एवढे कमी होते म्हणून की काय, फॅल्सिपेरम या घातक जातीच्या जंतूकडे रक्तात असतानाही बदलायला सुमारे साठ निरनिराळे पोशाख आहेत. एका पोशाखाविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे तयार केली की तो दुसरा चढवतो. तेव्हा लस करायची म्हणजे पाच हजार प्रथिनांतून असे एखादे निवडायचे की, जे जंतूला बदलता येत नाही, जे उघड्यावर असते आणि ज्याच्यावर घाव घातला तर जंतू खरोखरच अडतो.

मुळात असे काही असते तरी का? याचा पहिला भक्कम पुरावा १९६१ साली पश्चिम आफ्रिकेतील गांबियात मिळाला. तिथल्या खेड्यांत लहान मुले मलेरियाने मरतात, पण जी वाढून मोठी होतात त्यांना पुढे फारसा त्रास होत नाही, हे डॉक्टरांनी पाहिले होते. कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या तिघांनी अशा प्रौढांच्या रक्तातून प्रतिपिंडांचा अंश वेगळा काढला आणि तो मलेरियाने आजारी असलेल्या मुलांना टोचला. मुलांच्या रक्तातील जंतू झपाट्याने कमी झाले. म्हणजे वर्षानुवर्षे डास चावून घेतलेल्या माणसाच्या रक्तात उपयोगी हत्यारे होती. ती जंतूच्या कोणत्या प्रथिनावर चालत होती, हे कोडे मात्र राहिले, आणि त्यात पुढची कित्येक वर्षे गेली.

मेणबत्तीची युक्ती

प्रथिन वेगळे काढायचे तर आधी जंतू भरपूर हवा. टायफॉइडचा जंतू रश्श्यासारख्या द्रवात एका रात्रीत कोट्यवधी होतो. मलेरियाचा जंतू तसा वाढत नव्हता. रुग्णाचे रक्त बाटलीत ठेवले की एक-दोन दिवसांत सगळे जंतू मरत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम ट्रेगर या शास्त्रज्ञाने या एका प्रश्नापायी अनेक दशके घालवली. अखेर १९७६ साली त्याला आणि त्याचा सहकारी जेम्स जेन्सन याला यश आले, आणि तेही कसे पाहा. ताटलीत माणसाच्या तांबड्या पेशी, पोषक द्रव आणि थोडा रक्तद्रव घेतला, त्यात जंतू सोडले. ताटल्या झाकणाच्या काचेच्या भांड्यात ठेवल्या, सोबत एक पेटती मेणबत्ती ठेवली आणि झाकण घट्ट लावले. मेणबत्ती काही वेळ जळून विझली. आता भांड्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. जंतूला नेमकी अशीच हवा मानवते. रोज द्रव बदलायचा, अधूनमधून ताज्या पेशी घालायच्या, एवढे केले की तो महिनोन्महिने जगतो.

कोट्यवधी रुपयांची यंत्रे जिथे हरली तिथे मेणबत्ती जिंकली असे म्हणण्याचा मोह होतो, पण पोषक द्रवाचे गणित त्यामागे होतेच. ते काही असो, जगभरच्या प्रयोगशाळांत ही पद्धत पसरली. आपल्याकडेही गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या रक्तातले फॅल्सिपेरम जंतू असे प्रयोगशाळेत वाढवून अभ्यासले गेले आहेत.

जंतू मुबलक झाला. आता त्यातून प्रतिजन वेचायचे कसे? भाताच्या रोवळीतून खडे वेचायला डोळे पुरतात. इथे खडा कोणता हेच माहीत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी गांबियासारख्या ठिकाणच्या, मलेरिया पचवलेल्या माणसांच्या रक्तद्रवाचाच गळ केला. पोषक द्रवात किरणोत्सारी खूण केलेले घटक घालायचे, म्हणजे जंतूची सगळी प्रथिने खुणेची होतात. मग जंतू साबणासारख्या द्रवात विरघळवायचे आणि त्यात हा रक्तद्रव मिसळायचा. त्यातली प्रतिपिंडे आपापल्या प्रथिनाला चिकटतात. प्रतिपिंडे ओढून बाहेर काढली की त्यांच्यासोबत ती प्रथिनेही येतात, बाकीचा गाळ धुऊन टाकायचा. जे हाती लागले ते जेलीच्या पातळ थरावर एका टोकाला ठेवून त्यातून वीज सोडायची. लहान प्रथिने भराभर पुढे सरकतात, मोठी मागे रेंगाळतात. वर एक्स-रेची फिल्म ठेवली की तिच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे काळे पट्टे उमटतात. एकेक पट्टा म्हणजे वजनाप्रमाणे वेगळे झालेले एकेक प्रतिजन.

दुसरी रीत जनुकांची. जंतूच्या जनुकांचे तुकडे करून ते ई. कोलाय या साध्या आतड्यातल्या जिवाणूंत घालायचे. प्रत्येक जिवाणू मलेरियाचे एकेक प्रथिन बनवू लागतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतील मंडळींनी १९८३ साली असे हजारो जिवाणू ताटल्यांवर वाढवले आणि त्यावर पापुआ न्यू गिनीतील माणसांचा रक्तद्रव ओतून कोणत्या ठिपक्यावर प्रतिपिंडे चिकटतात ते पाहिले. चिकटलेला ठिपका उचलला की प्रतिजन आणि त्याचे जनुक दोन्ही एकदम हाती येतात.

या दोन रीतींनी प्रतिजनांचा ढीग पडला, आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली. रक्तद्रव ज्याला चिकटतो ते प्रत्येक प्रथिन उपयोगी नसते. जंतूची काही प्रथिने नुसता गोंगाट करतात. शरीर त्यांच्याविरुद्ध ढीगभर प्रतिपिंडे बनवते आणि जंतूचे काही बिघडत नाही. माझ्या मते या विषयातली सगळी मेख इथेच आहे. प्रतिजन वेगळे काढण्याचे तंत्र ऐंशीच्या दशकात हाती आले होते, पण वेगळे काढलेल्यांपैकी कामाचे कोणते, हे ठरवण्याची सोपी कसोटी नव्हती. माकडावर लागू पडलेली लस माणसावर पडेलच असे नाही.

कोलंबियाच्या मॅन्युएल पातारोयो यांचे उदाहरण वाचकांपैकी काहींना आठवत असेल, कारण नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रांत त्यांचे नाव फार गाजले. त्यांनी रक्तातील जंतूंची प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी केली, माकडांना टोचून पाहिली आणि त्यातल्या आशादायक प्रथिनांचे तुकडे कारखान्यात रासायनिक रीतीने जोडून 'एसपीएफ-६६' ही लस बनवली. टांझानियात १९९४ साली तिने सुमारे ३१ टक्के संरक्षण दिल्याचे प्रसिद्ध झाले. नंतर गांबिया आणि थायलंडमधील चाचण्यांत उपयोग जवळजवळ शून्य ठरला. एका गरीब देशातील शास्त्रज्ञाने हे धाडस केले याचे कौतुक वाटते, पण चाचणीपुढे कौतुकाला अर्थ नसतो.

डासाच्या लाळग्रंथीतून

दुसऱ्या बाजूने एक बाई वेगळ्याच वाटेने निघाल्या होत्या. रूथ नुसेन्झ्वाइग यांचा जन्म व्हिएन्नाचा. नाझींच्या छळामुळे कुटुंब ब्राझीलला गेले, तिथे त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात काम करू लागल्या. त्यांनी रक्तातले जंतू सोडून डासाच्या लाळेतल्या स्पोरोझॉइटकडे लक्ष वळवले. १९६७ साली त्यांनी उंदरांच्या मलेरियाचे स्पोरोझॉइट घेतले, त्यांच्यावर क्ष-किरण सोडून त्यांना अधू केले आणि उंदरांना टोचले. पुढे धडधाकट स्पोरोझॉइट टोचूनही बहुतेक उंदरांना मलेरिया झाला नाही. १९७३ मध्ये डेव्हिड क्लाइड यांनी हाच प्रयोग माणसावर केला. किरणांनी अधू केलेल्या जंतूंचे डास स्वयंसेवकांना चावू दिले आणि त्यातून संरक्षण मिळू शकते, हे दिसले. मात्र अशा संरक्षणासाठी हजाराच्या घरात डास चावावे लागतात. गावोगाव असे डास घेऊन कोण फिरणार?

तेव्हा स्पोरोझॉइटच्या अंगावरचे ते प्रथिन शोधणे भाग होते. स्पोरोझॉइट मेणबत्तीच्या भांड्यात मिळत नाही, त्यासाठी डासच फाडावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक सुयांनी डासाचे डोके हलक्या हाताने ओढले की त्याच्यामागून लाळग्रंथी बाहेर येतात. त्या कुस्करून जंतू मिळवायचे. एकेक डास हातानेच फाडायचा, दिवसाकाठी शेकडो. कंटाळवाणे, डोळे फोडणारे काम, पण याला वेगळा मार्ग नव्हता.

एक खूण मात्र आधीच दिसली होती. संरक्षण मिळालेल्या उंदराचा रक्तद्रव स्पोरोझॉइटवर टाकला की त्यांच्या शेपटाकडे सापाच्या कातेसारखा पदर साचतो, असे नुसेन्झ्वाइग यांचे सहकारी जेरोम वँडरबर्ग यांनी पाहिले. म्हणजे जंतूच्या सबंध अंगावर काहीतरी पांघरूण होते आणि प्रतिपिंडे त्यालाच चिकटत होती. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची युक्ती काढली होती. तिचा उपयोग करून नुसेन्झ्वाइग यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये एक प्रतिपिंड निवडले. ते टोचलेल्या उंदरांचा मलेरियापासून बचाव झाला, आणि तेच प्रतिपिंड गळासारखे वापरून पांघरुणाचे प्रथिन बाहेर ओढता आले. त्याला 'सर्कमस्पोरोझॉइट प्रथिन' हे लांबलचक नाव पडले. आपण त्याला सीएसपी म्हणू.

इथे कसोटी आधी आणि प्रतिजन नंतर, असा क्रम होता, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. आधी संरक्षण देणारे प्रतिपिंड सापडले, मग ते कशाला चिकटते हे शोधले. पातारोयोंच्या वाटेपेक्षा ही वाट सरस ठरली ती यामुळे.

डास फाडून सीएसपीचा साठा करणे अशक्यच होते, पण जनुकांनी ती अडचण सोडवली. बहुरूप्याने वेष कोणताही घेतला तरी त्याच्या झोळीत सगळे वेष असतातच. तसे सीएसपीचे जनुक जंतूच्या प्रत्येक अवस्थेत असते, फक्त लाळेतल्या अवस्थेत त्याचे प्रथिन बनते. म्हणून ते जनुक ताटलीत वाढवलेल्या रक्तातल्या जंतूतही शोधता येते. फॅल्सिपेरमच्या सीएसपीचे जनुक १९८४ साली वाचले गेले. या प्रथिनात ४१२ अमिनो आम्ले एकापुढे एक ओवलेली आहेत, आणि मधल्या भागात चारच मण्यांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. अॅस्परजिन, अॅलॅनिन, अॅस्परजिन, प्रोलिन, पुन्हा तेच. असे ३७ वेळा, शिवाय किंचित बदललेले आणखी चार. तीच ती ओळ घोकणारे एवढे सोपे प्रथिन हाती आल्यावर लस आता पाच वर्षांत येणार, असे तेव्हा अमेरिकेत जाहीरही झाले.

पाच वर्षांची सदतीस झाली. जिवाणूत बनवलेल्या सीएसपीच्या तुकड्यांची पहिली लस १९८७ साली स्वयंसेवकांना दिली. त्यात खुद्द काही संशोधकही होते. मग त्यांना मलेरियाचे डास मुद्दाम चावू दिले. सहापैकी एकच जण बचावला, बाकीच्यांना ताप आला. (औषध लगेच देतात, त्यामुळे जिवाला धोका नसतो.) कारण उघड होते. प्रतिपिंडांना तास-दोन तासांचीच संधी मिळते. यकृतात शिरण्याआधी सगळे जंतू अडवले पाहिजेत. एक जरी निसटला तरी आठवड्याने त्याचे हजारो होऊन रक्तात येतात. प्रतिपिंडे असून भागत नाही, ती भरपूर लागतात, आणि एकट्या तुकड्याकडे शरीर तेवढे गंभीरपणे पाहत नाही.

मदतीला आली कावीळ 'ब'ची लस. त्या विषाणूच्या अंगावरचे प्रथिन यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या जातकुळीत, तयार करता येत होते, आणि त्याचे आपोआप विषाणूएवढे बारीक गोळे बनत. असा गोळा दिसला की शरीराला तो विषाणूच वाटतो आणि ते खडबडून जागे होते. बेल्जियममध्ये स्मिथक्लाइन कंपनीतील ज्यो कोहेन आणि अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी १९८७ च्या सुमारास सीएसपीचा शेपटाकडचा भाग या प्रथिनाला जोडला. गोळा काविळीचा, त्याच्यावर काटे मलेरियाचे. हीच आरटीएस,एस. तिच्याबरोबर शरीराला चेतवणारा एक मसालाही लागतो. त्यातला एक घटक चिली देशातील एका झाडाच्या सालीतून काढतात. आपला रिठा ज्या द्रव्यामुळे फेसाळतो, त्याच जातीचे ते द्रव्य आहे. या मसाल्यासह १९९७ साली सातपैकी सहा स्वयंसेवक बचावले, तेव्हा कुठे आशा पालवली.

पुढे आफ्रिकेतील सात देशांत पंधरा हजारांवर मुलांवर मोठी चाचणी झाली. चार मात्रा दिलेल्या लहान मुलांत चार वर्षांत मलेरियाचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. गोवराच्या लसीची सवय असलेल्या आपल्याला हा आकडा तुटपुंजा वाटेल. पण २०१९ पासून घाना, केनिया आणि मलावीत ही लस नेहमीच्या लसीकरणात दिली गेली, तेव्हा त्या वयोगटातील एकूण बालमृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. जिथे घरटी मूल मलेरियाने आजारी पडते, तिथे हा फरक फार मोठा आहे. पुण्यात बनणाऱ्या आर-२१ मध्ये तोच सीएसपीचा तुकडा आहे. फरक एवढाच की गोळ्यावर मलेरियाचे काटे अधिक दाट बसवले आहेत आणि मसाला दुसरा असला तरी त्यातही त्याच सालीचा अर्क आहे. पहिल्या वर्षात तिने, मोसमी मलेरियाच्या भागात ७५ टक्के आणि बारमाही मलेरियाच्या भागात ६८ टक्के संरक्षण दिले.

रक्तातल्या रूपावरची लस मात्र अजून मागेच आहे. एएमए-१ नावाच्या प्रथिनावर फार भिस्त होती. मालीमध्ये २०११ साली निकाल आला तो असा: ज्या जंतूचे एएमए-१ लसीतल्यासारखेच होते त्याच्यापुरते संरक्षण मिळाले, बाकीच्या वाणांना ती लस ओळखू शकली नाही. हल्ली आरएच-५ या प्रथिनाची चर्चा आहे. तांबड्या पेशीच्या दाराला लावायची ही जंतूची किल्ली, आणि २०११ साली दिसले की फॅल्सिपेरमच्या निरनिराळ्या वाणांना हीच किल्ली लागते. गंमत अशी की वर्षानुवर्षे मलेरिया झालेल्यांच्या रक्तातही आरएच-५ विरुद्ध प्रतिपिंडे जेमतेमच असतात, कारण जंतू ते अगदी शेवटच्या क्षणी आणि अल्प प्रमाणात बाहेर काढतो. रक्तद्रवाचा गळ टाकून ते क्वचितच सापडले असते. २००२ साली जंतूचा सबंध जनुकसंच वाचून झाल्यावर अशा लपलेल्या प्रथिनांचा माग काढणे सोपे झाले.

आपल्याकडचा मलेरिया

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या दोन्ही लसींतला सीएसपी फॅल्सिपेरमचा आहे. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरमच त्रास देतो, हे खरे. पण आफ्रिकेतल्या काही खेड्यांत मुलाला वर्षातून अनेकदा मलेरिया होतो, तशी परिस्थिती आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांत नाही. जिथे लागण कमी तिथे चार-चार मात्रांच्या, दोन-तीन वर्षांत ओसरणाऱ्या लसीपेक्षा मच्छरदाणी, फवारणी आणि ताप आल्याबरोबर रक्ततपासणी यांचा उपयोग अधिक. म्हणून राष्ट्रीय लसीकरणात ती घेतलेली नाही.

शिवाय आपल्याकडे जो एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो, तो पुष्कळदा व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीचा असतो. त्याच्या सीएसपीतील मण्यांची ओळ वेगळी आहे, त्यामुळे पुण्याची लस त्याच्यावर चालत नाही. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी जागे होतात. प्रायमाक्विनच्या गोळ्या ताप उतरल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्या त्या यासाठीच. (गरोदर बाईने व तान्ह्या मुलांना त्या द्यायच्या नसतात, आणि काहींना त्यांनी रक्त फुटण्याचा त्रास होतो, स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.)

व्हायवॅक्सची लस मागे पडली त्याला कारण पुन्हा मेणबत्तीचे भांडे. हा जंतू फक्त कोवळ्या तांबड्या पेशीत शिरतो, आणि अशा पेशी आपल्या रक्तात शंभरात एखाददुसरी. त्यामुळे फॅल्सिपेरमसारखा तो ताटलीत कायमचा वाढवता येत नाही. त्याचे प्रतिजन शोधायचे तर दर वेळी रुग्णाच्या ताज्या रक्तावर अवलंबून राहावे लागते. तरीही एक दुवा मिळाला आहे. पश्चिम आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर 'डफी' नावाची खूण नसते आणि त्यांना व्हायवॅक्स फारसा होत नाही, असे अमेरिकेतील लुई मिलर यांनी सत्तरच्या दशकात दाखवले. म्हणजे व्हायवॅक्सला आत शिरायला ते दार हवे. त्या दाराला चिकटणारे जंतूचे प्रथिन दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात चेतन चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूत तयार करून त्याची घडी नीट बसवण्याचे काम केले. प्रथिनाची घडी चुकली तर त्याचा लस म्हणून उपयोग नसतो. उकडलेल्या अंड्यातला बलक जसा पुन्हा पातळ होत नाही, तशी चुकलेली घडी सहजी सुधारत नाही. ऑक्सफर्डमध्ये या प्रथिनाची लस स्वयंसेवकांना देऊन मग त्यांच्या रक्तात व्हायवॅक्स सोडण्यात आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात जंतूंच्या वाढीचा वेग जवळपास निम्म्याने घटलेला दिसला. लागण मात्र थांबली नाही. ही चाचणी थोड्या, निरोगी प्रौढांवर झाली होती. जिथे पावसाळ्यात खरोखर व्हायवॅक्स येतो, अशा गावांतली मोठी चाचणी अजून व्हायची आहे.